रोममधली प्रेमकथा लिहायची, तर आधी नायकाची कायदेशीर ओळख ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वसईतली एक ख्रिस्ती परिचारिका, रीना, इसवी सन 64 च्या रोममध्ये जाऊन पडते. मार्कुस नावाचा उमराव घराण्यातला शताधिपती (रोमन सैन्यातला अधिकारी) तिला गुलामांच्या बाजारातून विकत घेतो, तिच्या श्रद्धेमुळे बदलतो आणि शेवटी दोघं कोलोसियममध्ये सिंहांसमोर उभी राहतात. हे विश्वासार्ह वाटेल का, काय तपासायला हवं आणि कालप्रवास व श्रद्धा यांची सांगड कशी घालायची, असं तुम्ही विचारलं आहे. तीन प्रकरणंही पाठवली आहेत. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या संपादनात माझी हयात गेली, त्यामुळे आडपडदा न ठेवता लिहितो.

कथेचा जीव चांगला आहे. वर्षाची निवड उत्तम आहे: त्याच वर्षी रोम जळलं आणि सम्राट नीरोने त्याचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं. पण मार्कुस बदलावा लागेल, कोलोसियम काढावं लागेल आणि सिंहांना रजा द्यावी लागेल. यातली मार्कुसची गोष्ट सर्वांत मोठी, म्हणून बाकीची दोन आधी उरकतो.

कोलोसियम 64 साली नव्हतंच. ते पुढच्या काळातल्या सम्राट वेस्पासियनने बांधायला घेतलं आणि 80 साली टायटसने खुलं केलं. नीरोने ख्रिस्ती लोकांना शिक्षा दिल्या त्या स्वतःच्या बागांत, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. त्या टायबरच्या पलीकडे, आजच्या व्हॅटिकनच्या बाजूला होत्या. जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांकडून फाडणं, क्रुसावर देणं आणि अंधार पडल्यावर उजेडासाठी जिवंत पेटवणं, अशा त्या शिक्षा. सिंहांचा उल्लेख त्यात नाही. आपल्या डोळ्यांसमोर सिंह येतात ते पुढच्या काळातल्या हकिगतींतून आणि एकोणिसाव्या शतकातल्या तैलचित्रांतून. भुयारी दफनभूमींचंही तेच. ती भुयारं दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिस्ती लोकांच्या वापरात आली, आणि तीही मेलेल्यांना ठेवण्यासाठी. तिथे कोणी लपून राहत नव्हतं. तुमचं दुसरं प्रकरण अख्खं भुयारात घडतं. ते बाजूला ठेवा, त्याहून चांगली जागा पुढे सुचवतो.

आता मार्कुस. उमराव मालक आणि त्याने विकत घेतलेली नायिका ही जोडी या प्रकारच्या कादंबऱ्यांत इतकी रुळली आहे की लिहिताना खटकतही नाही. खटकायला हवी. रोमन कायद्यात गुलाम बाईला ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. तिच्या शरीरावर मालकाचा हक्क गृहीतच होता. नकार देता येत नाही तिथे होकाराला काय किंमत? मार्कुस कितीही सज्जन दाखवलात, त्याने तिला स्पर्श न करता तीन महिने वाट पाहिली असं लिहिलंत, तरी ती वाट पाहणं ही त्याची मेहेरबानीच ठरते. सर्वसाधारण प्रेमकथेत एखादा वाचक हे गिळेल. ख्रिस्ती कादंबरीत, जिथे प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेतला आहे हा पाया आहे, तिथे हे चालत नाही.

शिवाय कायदा आडवा येतो. सैन्यातल्या माणसाला सेवेत असताना लग्नाची परवानगी नव्हती. ती बंदी 197 च्या सुमारास सेप्टिमियस सेव्हेरसने उठवली असं मानतात. सिनेटर घराण्यातल्या पुरुषाला मुक्त केलेल्या गुलाम बाईशी लग्न करता येत नव्हतं, तो सम्राट ऑगस्टसचा इसवी सनपूर्व 18 चा कायदा. म्हणजे तुमचा मार्कुस दोन्ही बाजूंनी अडकलेला, आणि तीन प्रकरणांत त्याला याची जाणीव एकदाही होत नाही. मला विचाराल तर तुमच्या कादंबरीचा खरा खलनायक नीरो नाही, हा कायदा आहे. कोण कोणाचा, कोणाचं लग्न लग्न मानलं जाईल, पोर कोणाचं ठरेल, हे त्या शहरात माणूस जन्मतो तेव्हापासून लिहिलेलं असतं. प्रेमकथेला याहून घट्ट गाठ कुठे मिळणार?

म्हणून माझी सूचना: नायक अग्निशमन दलातला घ्या. ऑगस्टसने इसवी सन 6 मध्ये ‘व्हिजिलेस’ नावाचं दल उभं केलं. सात तुकड्या, शहराचे चौदा विभाग, दर दोन विभागांमागे एक तुकडी. रात्रभर गस्त घालायची, आग दिसली की बादल्या, कुऱ्हाडी, हातपंप आणि शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) भिजवलेल्या गोधड्या घेऊन धावायचं, चोरही पकडायचे. यात बहुतेक भरणा मुक्त झालेल्या गुलामांचा होता. रोम जळण्याच्या कादंबरीत नायक आग विझवणारा असणं हे योगायोगाचंही वाटणार नाही, कारण ते त्याचं रोजचं काम आहे.

त्याला आपण फेलिक्स म्हणू. गुलामांत हे नाव सर्रास असे. वय अठ्ठावीस. मालकाने त्याला तिशीच्या आत मुक्त केलं. इसवी सन 4 च्या कायद्याप्रमाणे तिशीच्या आत मुक्त झालेल्याला, काही अपवाद सोडले, तर पूर्ण नागरिकत्व मिळत नसे. तो ‘जुनियन लॅटिन’ नावाच्या मधल्याच वर्गात पडे: जिवंत असेतो मोकळा, पण मेल्यावर त्याची सगळी मिळकत जुन्या मालकाकडे. मृत्युपत्र करायची मुभा नाही. या वर्गातून वर चढायचे जे रस्ते होते, त्यांतले दोन तुमच्या कामाचे आहेत. पहिला लग्नाचा: रोमन नागरिक बाईशी किंवा आपल्यासारख्याच लॅटिन बाईशी सात साक्षीदारांसमोर लग्न करायचं, मूल एक वर्षाचं झालं की अधिकाऱ्यासमोर उभं राहून ते सिद्ध करायचं, की बाप, आई, मूल तिघं नागरिक. दुसरा नोकरीचा: 24 सालच्या कायद्याने अग्निशमन दलात सहा वर्षं काढणाऱ्या लॅटिन माणसाला नागरिकत्व मिळे.

आता रीना आणा. ती परदेशी. ना रोमन, ना लॅटिन. तिच्याशी संसार मांडला तर फेलिक्सचा पहिला रस्ता बंद. दोघांचं मूल आईच्या वळणाने परकंच राहणार. त्याच्यासाठी शेजारच्या भाजीवाल्याची मुक्त केलेली मुलगी सांगून आलेली असू द्या. चांगली आहे, देखणी आहे, आणि तिच्याशी लग्न म्हणजे नागरिकत्वाची वाट. या मुलीला कुठेही वाईट रंगवू नका. फेलिक्सच्या दलातल्या नोकरीची पाच वर्षं होत आली आहेत. बघा, एकही सिंह न आणता केवढा ताण तयार झाला.

उपकथानक हवं असेल तर तेही कायद्यातच आहे. 52 सालच्या सिनेटच्या ठरावाप्रमाणे स्वतंत्र नागरिक बाई दुसऱ्याच्या गुलामाबरोबर, त्याच्या मालकाच्या संमतीशिवाय राहू लागली आणि ताकीद देऊनही हटली नाही, तर ती स्वतः त्या मालकाची गुलाम होई. मंडळीतल्या, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायातल्या, एखाद्या विधवेची ही गोष्ट पंधरा-वीस पानांत सांगता येईल. रीनाच्या कथेला ती आतून बळ देईल.

मंडळीबद्दल. तुम्ही चर्चची इमारत दाखवलेली नाही, हे बरं केलंत. पण तुमचे ख्रिस्ती लोक फारच पांढऱ्या झग्यातले आहेत. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढून शेजारी ठेवा. साधारण 57 च्या सुमाराला प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथहून हे पत्र लिहिलं आणि शेवटी चोवीस जणांना नावानिशी सलाम सांगितला. चर्चमध्ये वाचन चालू असताना ही नावांची यादी आली की आपलं लक्ष उडतं. कादंबरीकाराला मात्र ती घबाडासारखी आहे. त्यांतली बरीच नावं गुलामांत आणि मुक्त झालेल्यांत चालणारी: अंप्लियात, पर्सिस, त्रुफैना, त्रुफोसा, हर्मेस. ‘नार्किसाच्या घरातले जे प्रभूमध्ये आहेत’ असा उल्लेख आहे, म्हणजे एका मोठ्या घरातले काही नोकरच तेवढे मंडळीत, मालक नव्हे. पत्र घेऊन जाणारी फीबी, करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीची सेविका. आणि पहिला मान प्रिस्का व अक्विला या नवरा-बायकोला. दोघं तंबू करणारे. सम्राट क्लॉडियसने यहुद्यांना रोममधून घालवलं तेव्हा हे करिंथला गेले, पुढे परत आले, आणि त्यांच्या घरी मंडळी जमे. आग लागली त्या वर्षी ती दोघं रोममध्ये होती असं ठामपणे लिहू नका. त्यांच्यासारखं दुसरं जोडपं बनवा आणि कारागिरी तीच ठेवा.

भुयाराऐवजी सुचवायची जागा हीच: रस्त्याकडेचं तळमजल्यावरचं दुकान, मागे माळा, वर चार मजले भाडेकरू. मंडळी पहाटे जमायची. 112 च्या आसपास बिथिनियाचा राज्यपाल धाकटा प्लिनी सम्राट ट्राजानला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, मग पांगतात आणि नंतर साध्या जेवणासाठी पुन्हा भेटतात. हा दाखला रोमचा नाही आणि जवळजवळ अर्ध्या शतकानंतरचा आहे, तरी रीत पुष्कळशी अशीच असावी. पहाटेची वेळ का, तर दिवस मालकाचा. रविवारची सुट्टी नावाची गोष्ट नव्हती.

आणि इथेच तुमची पहिली भेट आहे. रस्त्यात रथ थांबवून मार्कुस रीनाकडे बघतो, ते काढा. उगवतीपासून दुपार कलेपर्यंत शहरात चाकाच्या गाड्यांना बहुतेक बंदीच होती, आणि लष्करी माणूस रथातून हिंडत नसे. फेलिक्स रात्रपाळीवर आहे. आगीच्या बाबतीत हलगर्जीपणा करणाऱ्या भाडेकरूला फटके देण्याचा अधिकार या दलाच्या प्रमुखाला असे, असं पुढच्या काळातल्या कायद्याच्या ग्रंथांत आहे. अंधारात फटीतून उजेड दिसला की दार ठोठावणं त्याचं कामच. असं काहीतरी:

“दुकानात कातड्याचा उग्र वास भरून राहिला होता. तंबूच्या गुंडाळ्यांवर दोन पोरं पेंगत होती. पर्सिस सगळ्यांत शेवटी आली. उजाडायच्या आत तिला मालकिणीच्या केसांसाठी चिमटे तापवायला परत पोचायचं होतं, म्हणून म्हाताऱ्याने स्तोत्र आटोपतं घेतलं. तेवढ्यात फळीवर कुऱ्हाडीच्या दांड्याचे दोन ठोके पडले. कोणी हललं नाही. अक्ष्याने दाभण उचलून मांडीवरच्या कातड्यात खुपसलं, जणू रात्रभर शिवतच बसला होता. दार रीनाने उघडलं; न उघडण्याची भीती काय असते ते तिला अजून माहीत नव्हतं. बाहेरच्या माणसाने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून तो दिव्याकडे बघत होता. ‘पाणी कुठे आहे?’ त्याने विचारलं. दिवा लावायचा तर घरात पाणी भरलेलं हवं, एवढंच त्याला म्हणायचं होतं.”

(अक्ष्या हे मी गंमत म्हणून घातलेलं नाव आहे, तुम्ही नीट रोमन नाव द्या.) या उताऱ्यात प्रेम कुठेच नाही. तरी पुढच्या खेपेला तो पाण्याची घागर बघायला येईल तेव्हा वाचक सावरून बसेल.

रीनाला भाषा कशी कळते हे तुम्ही उडवून लावलं आहे: ‘का कोण जाणे, तिला सगळं समजत होतं.’ चमत्कार एकच ठेवा, कालप्रवासाचा. दुसरा मागितलात तर वाचक पहिल्याचाही हिशेब मागतो. रोममधली मंडळी त्या काळी मुख्यतः ग्रीक बोलणारी, रस्ता लॅटिन बोलणारा. पहिले काही आठवडे रीना मुकी आणि बहिरी असू द्या. प्रार्थनेच्या शेवटी सगळे ‘आमेन’ म्हणतात तेव्हा तिच्या तोंडूनही ते निघतं आणि सगळ्या माना वळतात. मंडळीत तिला जागा मिळायला एवढं पुरे. त्यानंतर तिने कष्टाने भाषा शिकावी, चुकावी, हसं व्हावं. प्रेमकथेला याचा फायदाच होतो. दोघांकडे मिळून पन्नास शब्द असतील, तर लांबलचक प्रेमळ संवाद आपोआप टळतात.

तिच्या श्रद्धेचं काय होतं, हा भाग तुम्ही अजून हातच लावलेला नाही आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. बायबल पाठ असलेली ही मुलगी जिथे पोचते तिथे तिचं बायबल अजून लिहिलंच गेलेलं नाही. मार्कचं शुभवर्तमान साधारण 65 ते 70 च्या दरम्यानचं मानतात, योहानाचं त्याहून बरंच नंतरचं. योहान तीन-सोळा हे आज सगळ्यांना पाठ असलेलं वचन म्हणून दाखवलं तर लोक कौतुकाने ऐकतील, ओळखणार कोणीच नाही. नाताळ नाही, 25 डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद चौथ्या शतकातली. नायसियाचा मतांगीकार, म्हणजे चर्चमध्ये म्हणतात ती श्रद्धेची घोषणा, 325 चा. जपमाळ नाही, कबुलीजबाबाची खुर्ची नाही. गळ्यातला सोन्याचा क्रूस बघून पर्सिस दचकेल, कारण तिने क्रुसावर माणसं पाहिलेली आहेत. तिच्या लेखी तो फाशीचा खांब. उलट, पौल दोन-चार वर्षांपूर्वी याच शहरात भाड्याच्या घरात, पहाऱ्यावरच्या शिपायासह दोन वर्षं राहून गेला, हे तिथल्या लोकांना आठवत असणार. त्याच्या खोकण्याची नक्कल करणारा कोणीतरी मंडळीत असेल. हे तुम्ही कल्पनेनं रंगवा.

लग्नाबाबतही तिला धक्का बसेल. चर्चमधला विवाहविधी नावाचं काही नव्हतं. ख्रिस्ती लोक आपापल्या जागच्या रीतीनेच लग्न करत. रोममध्ये वधूची केशरी-लाल ओढणी आणि उजव्या हातात उजवा हात. पण त्याहून अवघड गोष्ट अशी की मंडळीतले वडीलधारे लग्नाला फारसे उत्सुक नसतील. करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय वाचा: काळाचा संक्षेप झाला आहे, ज्या स्थितीत आहात तीत राहा, लग्न केलंत तर पाप नाही पण न केलंत तर बरं. विश्वास न ठेवणाऱ्याशी आधीच लग्न झालेलं असेल तर त्याला सोडू नका, हे पौल सांगतो. नव्याने लग्न करणाऱ्या विधवेला मात्र ‘केवळ प्रभूमध्ये’ अशी अट. फेलिक्स अजून मंडळीत आलेला नाही. म्हणजे कायदा एका बाजूने आणि मंडळी दुसऱ्या बाजूने, दोघंही रीनाला ‘थांब’ म्हणतात. तुमच्या आजच्या वाचक बाईला वाटत असतं की चर्च हे प्रेमिकांच्या बाजूने उभं राहणारं ठिकाण. ती समजूत इथे अडखळू द्या. तिथला म्हातारा वडील खरोखर प्रेमळ असावा आणि तरीही नको म्हणावा. आणि कृपा करून फेलिक्सचं मन तिच्यासाठी पालटवू नका. बाप्तिस्मा घेतला की मुलगी मिळते असा सौदा वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. त्याची श्रद्धेकडे येणारी वाट दुसऱ्याच कोणाच्या तरी हातून, शक्यतो पर्सिसच्या, येऊ द्या.

आता कालप्रवास. तो कसा झाला यावर तुम्ही अकरा पानं घालवली आहेत, दीड पुरे. रीनाला काय माहीत आहे आणि त्या माहितीचं ती काय करते, हे मात्र अकरा पानांत मावणार नाही.

तिला माहीत आहे की 18 जुलैच्या रात्री सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतींच्या मैदानाजवळच्या दुकानांत आग लागणार. सहा दिवस जळणार, विझली म्हणेपर्यंत पुन्हा भडकणार. चौदांपैकी तीन विभाग जमीनदोस्त, सातांचे अवशेष, चार शाबूत. ती सांगणार की गप्प बसणार? तुमच्या आराखड्यात ती सगळ्यांना सांगते, कोणी ऐकत नाही, मग आग लागते. एवढ्यावर सोडू नका. विचार करा: आगीनंतर शहर गुन्हेगार शोधतंय. मशाली टाकणारी माणसं पाहिल्याचं लोक सांगताहेत, नीरोनेच लावली अशी कुजबुज आहे, त्याला कोणाच्या तरी माथी ती मारायची आहे. आणि एक परदेशी बाई, त्या विचित्र पंथातली, जुलैच्या आधी तारीख-वार सांगून फिरत होती की रोम जळणार. तिचा इशारा हाच तिच्याविरुद्धचा पुरावा. नुसता तिच्याविरुद्ध नाही, ज्या दुकानात ती पहाटे जात होती त्या सगळ्यांविरुद्ध. तिने माणसं वाचवायला तोंड उघडलं आणि तेच तोंड पर्सिसला बागेपर्यंत घेऊन गेलं. कालप्रवासाच्या कथेत इतकी घट्ट बसणारी कळ सहसा सापडत नाही, ती वापरा.

दुसरा धागा याच प्रश्नाचा, पण आतला. प्रेषितांची कृत्ये, अकरावा अध्याय: अगब नावाचा संदेष्टा मोठा दुष्काळ पडणार असं सांगतो आणि क्लॉडियसच्या काळात तो पडतो. म्हणजे मंडळीला असं भाकीत नवं नाही. रीनाचं बोलणं खरं ठरल्यावर लोक तिला संदेष्टी मानतील, तिच्यापुढे आजारी पोरं आणतील, आणखी काय होणार असं विचारतील. आणि तिला हे आत्म्याने सांगितलेलं नाही, शाळेच्या पुस्तकात आणि गुगलवर वाचलेलं आहे. ती हे कबूल कसं करणार? ज्याला तुम्ही ‘श्रद्धेची कसोटी’ म्हणून पत्रात मोघम लिहिलंय, ती कसोटी मला इथे दिसते. फेलिक्सला ती खरं कधी सांगते आणि तो काय करतो, हे प्रकरण कादंबरीच्या साधारण दोन-तृतीयांशावर यावं.

परिचारिका हा व्यवसाय चांगला निवडलात, फक्त पेनिसिलिन बनवायला लावू नका. आगीनंतरचं दृश्य तिच्यासाठी आहे. बेघर लोकांसाठी नीरोने मार्सचं मैदान, अग्रिप्पाच्या इमारती आणि स्वतःच्या बागाही खुल्या केल्या, ओस्तियाहून सामान आणवलं, धान्याचा भाव उतरवला. होय, त्याच बागा. आधी जिथे भाजलेल्या लोकांची झोपडी होती, तिथेच नंतर शिक्षेचे खांब. टॅसिटस शिक्षांची तारीख देत नाही, तेव्हा मधले काही आठवडे तुमच्या हातात आहेत. त्या आठवड्यांत रीना भाजलेल्या जखमा उकळून गार केलेल्या पाण्याने धुते, मध लावते (मधाचा उपयोग तिथल्या वैद्यांनाही ठाऊक होता, त्यामुळे कोणी अचंबा करणार नाही), जुलाब लागलेल्या पोरांना मीठ आणि मध घातलेलं पाणी घोट-घोट पाजते. हात धुण्याचा आग्रह मात्र सगळ्यांना चक्रमपणा वाटेल. साबण मागू नका. अंगाला तेल लावून ते धातूच्या खरवडणीने काढायची रीत होती.

बारीकसारीक चुका भराभर सांगतो. टोमॅटो, मिरची, बटाटा, मका काही नाही, ते सगळं अमेरिकेतून आलं. पास्ताही काढा. डाळ, पाव, पेज, ऑलिव्ह, कांदा-लसूण, माशांचं आंबवलेलं कालवण चालेल. वसईच्या मुलीला तो शेवटचा वास घरचा वाटेल. काळी मिरी मात्र हवी तेवढी घ्या, ती मलबारहून जात होती. ‘पाच मिनिटांत’ असं कोणी म्हणणार नाही. दिवस उगवतीपासून मावळतीपर्यंत बारा तासांचा, म्हणून जुलैतला तास आपल्या सव्वा तासाएवढा आणि डिसेंबरातला पाऊण तासाएवढा. गस्तीची रात्र उन्हाळ्यात आखूड असते, फेलिक्सच्या भेटींचं गणित त्यावर बसवा. आणि अंगठा खाली करणारा नीरो कुठेही नको.

शिक्षेचं प्रकरण लिहाल तेव्हा हात आखडता घ्या. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. तो त्यांना दोषीच समजतो. तरीही तो नोंदवतो की एका माणसाच्या क्रूर हौसेपायी हे मारले जाताहेत असं वाटून लोकांना दया आली. तुम्हाला तेवढंच हवं. पर्सिसचा शेवट फेलिक्सच्या नजरेतून दाखवा. दलातला माणूस म्हणून तो बंदोबस्ताला उभा आहे. आगीजवळ पाणी हवं, हे आयुष्यभर लोकांना सांगत आलेला माणूस, आणि आज त्याने हलायचं नाही.

शेवट तुम्ही दोन पर्याय म्हणून दिला आहे: दोघं मरतात, किंवा रीना एकटी आजच्या वसईत परतते. मला तिसरा सुचतो, तो तुमच्या गावामुळेच. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या तांबड्या समुद्राच्या वाटाड्यात भडोचनंतरची बंदरं म्हणून सोपारा आणि कल्याण यांची नावं आहेत. रीनाला ‘कुठली तू?’ असं विचारल्यावर रोममध्ये सांगता येईल असं तिच्या तालुक्यातलं एकच गाव आहे, आणि अलेक्झांड्रियाचा एखादा व्यापारी मान डोलावेल. कालप्रवास तिला परत नेणार नसेल, तर जहाज नेऊ शकतं. इटलीतल्या पुतेओली बंदरातून अलेक्झांड्रिया, नाईलने वर कोप्तोस, तिथून उंटांच्या तांड्याबरोबर बारा दिवसांची वाळवंटातली वाट, रात्रीची चाल, तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके बंदर, मग मोसमी वारा.

वेळापत्रक सांभाळा. भारताकडची गलबतं जुलैच्या सुमाराला निघत, म्हणजे 64 ची वेळ हुकली. नोव्हेंबर ते मार्च भूमध्य समुद्रात जहाजं जवळजवळ बंद. दोघांना आगीनंतरचा हिवाळा रोममध्ये लपूनछपून काढावा लागेल आणि 65 च्या वसंतात निघावं लागेल. त्याआधी फेलिक्सची सहा वर्षं भरायला हवीत, नाहीतर तो पळून गेलेला ठरेल. भरली की तो नागरिक, म्हणजे जे मिळवायला आयुष्य घातलं ते हातात पडल्यावर ते शहर सोडायचं. उतरणं मात्र सोपाऱ्यात नको, भडोचला दाखवा. त्याच वाटाड्यात लिहिलंय की कल्याणच्या बाजूला चुकून आलेली ग्रीक जहाजं त्या काळी पहाऱ्यात भडोचला नेली जात. तिथून दक्षिणेला जमिनीने किती दिवस लागतील ते तुम्ही ठरवा. पण फेलिक्सची दलातली भरतीची तारीख आजच वहीत लिहा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडून आहे. माझा हिशेब 59 च्या वसंताचा आहे.